आधी ताण उतरवू, मग बोलू

सप्रेम नमस्कार,

तुम्ही वयानं माझ्यापेक्षा निदान वीस वर्षांनी लहान असाल. समोर असताना मी एक-दोनदा ‘अरे’ म्हणूनही गेले, पण लिहायला बसल्यावर ‘तू’ लिहवत नाही. तेव्हा ‘तुम्ही’च म्हणते.

पाच महिने झाले. हे पत्र मनात कितीदा लिहून झालं आणि कितीदा राहून गेलं. काल रात्री मी माझ्या गिटारच्या सहाही तारा पहिल्यांदाच एकटीनं बदलल्या. शेवटची तार सुरात आली आणि माझे डोळे भरून आले. म्हटलं, आता नाही लिहिलं तर कधीच लिहून होणार नाही.

गिटार दाखवायला मी तुमच्याकडे आले त्या दिवशी आधीच दोनजण थांबलेले होते. माझी पाळी आल्यावर हिरवं कव्हर उघडून मी गिटार तुमच्या टेबलावर ठेवली आणि तुम्ही काही विचारायच्या आतच बोलत सुटले. माझं वय अठ्ठावन्न आहे, मला ठाऊक आहे उशीर झालाय, बोटं फार दुखतात, कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे तीन-चार सूर, नीट दाबला जात नाही, सरावात कुचराई केलेली नाही, पण कदाचित माझ्याच हातांत काही कमी असेल. नऊ महिने ठिकठिकाणी उत्तरं देऊन मला सवयच लागली होती आधी स्वतःची बाजू मांडायची.

तुम्ही गिटारकडे बघत होतात. एवढंच म्हणालात, “काकू, आधी हिचा ताण उतरवू, मग बोलू.”

आणि खुंट्या फिरवायला लागलात. एक तार पूर्ण सैल करून मग दुसरी, असं नाही. प्रत्येकीला थोडा थोडा ढील देत, या टोकाची, त्या टोकाची, मधली, पुन्हा पहिली. प्रत्येक वळणाला सूर खाली घसरत होता. उंच, मग मंद, मग नुसतीच फडफड, आणि शेवटी काहीच नाही. दोन-तीन मिनिटं लागली असतील. तेवढ्या वेळात तुम्ही बोलला नाहीत आणि मीही गप्प झाले. तारा लोंबायला लागल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझे खांदे खाली आलेत. आल्यापासून ते मी कानाशी आवळून धरले होते, हे मला कळलंही नव्हतं.

तुमच्या दृष्टीनं ते कामच होतं. कुणी डोक्यावर जड गाठोडं घेऊन दारात आलं, तर नाव-गाव विचारण्याआधी आपण हात लावून ते खाली घेतो, तसं. पण त्याआधीच्या नऊ महिन्यांत मला असं कुणी भेटलं नव्हतं. त्या दोन-तीन मिनिटांसाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे. बाकीचं सगळं तुम्ही शिकवलंत त्याचे आभार आहेतच, ते वेगळे.

त्याआधी काय काय झालं ते त्या दिवशी सांगायचं राहून गेलं.

पहिल्या तारा गंजल्यावर मी एकाकडे त्या बदलायला दिल्या. त्यानं मला काहीही विचारलं नाही. मी नवशिकी आहे का, बोटांनी छेडते की पिकनं, म्हणजे छेडायच्या चकतीनं, गिटारचा घाट केवढा, काही नाही. “जाड तारा घाला, आवाज भरदार येतो,” म्हणाला आणि घालून दिल्या. मी विश्वास ठेवला. त्यानंतर जिथं शिकत होते तिथं एफ कॉर्ड आला. पहिल्या बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबायच्या असतात. मी तीन आठवडे रोज प्रयत्न केला, बोटाच्या शेंड्याची कातडी फाटली, तरी निम्म्या तारा मुक्याच. शिकवणाऱ्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, “या वयात बोटं वळत नाहीत, तुम्ही ऐकण्याचा आनंद घ्या.” तो राग अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही. त्याच्या हाताशी माझी गिटार होती. एकदा स्वतः वाजवून बघितली असती, तर त्याच्या बोटांनी त्याला सगळं सांगितलं असतं. तिसऱ्या एका जाणकारानं सल्ला दिला की नायलॉनच्या तारा घालून टाका, मऊ असतात. मी कंटाळून गिटार कोपऱ्यात उभी केली. चार महिने ती तिथं तशीच होती, पूर्ण ताणात.

हिला तारा कुठल्या लावल्यात, हा प्रश्न तुम्ही पहिल्यांदा विचारलात. मला उत्तर येत नव्हतं. तुम्ही नाराज झाला नाहीत, जाडी मोजायचं कॅलिपर काढून मोजलंत आणि मला आकडा वाचायला लावलात. पहिली तार .013 इंच, सहावी .056. म्हणजे मीडियम संच. ‘मीडियम’ हा शब्दच फसवा आहे, हे तेव्हा कळलं. तारांच्या दुनियेत लाइट म्हणजे .012 पासून, त्याखाली .011चा कस्टम लाइट, त्याखाली .010चा एक्स्ट्रा लाइट. नवशिक्याला मीडियम म्हणजे मधलं, बेताचं वाटणार, आणि प्रत्यक्षात ती जड बाजू.

मग तुम्ही जे समजावलंत ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं. तारेची लांबी तीच आणि सूरही तोच हवा असेल, तर साध्या तारेवरचा ताण तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. .011 आणि .013 यांत डोळ्याला फरक दिसत नाही, केसाएवढाही नाही. पण ताण जवळजवळ 40 टक्क्यांनी जास्त. सहा तारा मिळून मीडियम संच 80 किलोपेक्षा जास्त ओढतो, कस्टम लाइट 70 च्या आसपास. तो ताण गिटारची मान पुढे खेचतो, मग तारा मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपासून, फ्रेटपासून, आणखी उंच उठतात आणि दाबायला आणखी जोर लागतो. मी रोज एवढ्याशी झुंजत होते, आणि मला सांगितलं जात होतं की बोटं वळत नाहीत!

तुम्ही ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथं अडकवतात त्या लाकडी ठोकळ्याच्या, मागे पट्टी आडवी धरून गिटारच्या पोटाचा फुगवटा दाखवलात. मग कागदाची कड ब्रिजखाली सरकवून पाहिलीत. ती आत गेली नाही, म्हणजे ब्रिज सुटायला लागलेला नव्हता, तेव्हा माझ्याआधी तुम्हीच सुस्कारा सोडलात. “वेळेवर आणलीत,” म्हणालात. वेळेवर कसली, चार महिने उशिरा आणली होती, पण तुम्ही तसं म्हणाला नाहीत.

नायलॉनबद्दलही तुम्ही त्या सल्ला देणाऱ्याला नावं ठेवली नाहीत. एवढंच सांगितलंत की हिची वरची लाकडी फळी पोलादी तारांच्या ओढीसाठी घडवलीय, नायलॉनची ओढ तिला नीट हलवू शकणार नाही, आवाज बसका येईल. आणि उलटं केलं, नायलॉनसाठी घडवलेल्या क्लासिकल गिटारवर पोलादी तारा चढवल्या, तर वाद्य कायमचं जायबंदी होऊ शकतं. हे मी आता भेटेल त्या प्रत्येक शिकणाऱ्याला सांगते.

तारा निवडतानाही तुम्ही माझ्यावर काही लादलं नाहीत. काय वाजवायला आवडतं, विचारलंत. मी म्हटलं, हळू, बोटांनी, स्वतःच्या गाण्यामागं. तेव्हा दोन संच समोर ठेवलेत. एक 80/20, त्यात 80 टक्के तांबं नि 20 टक्के जस्त. म्हणजे नाव ब्राँझ आणि खरं पाहता पितळ. सुरुवातीला लख्ख वाजतं आणि ती लकाकी लवकर उतरते. दुसरा फॉस्फर ब्राँझ, तांब्यात थोडं कथील आणि किंचित फॉस्फरस, आवाज जरा उबदार, टिकतो जास्त. नंतर मी वाचलं की डॅडॅरिओ कंपनीनं हा मिश्रधातू गिटारच्या तारांसाठी 1974 मध्ये आणला. माझ्या शाळेच्या दिवसांतला तो शोध मला आत्ता कुठं गाठायचा होता. लेप दिलेल्या, जास्त टिकणाऱ्या तारा तुमच्याकडे होत्या, पण तुम्ही म्हणालात, आधी दोन-तीन साधे संच वापरा, तार जुनी होत जाते तेव्हा ती काय बोलते ते कानाला कळू दे. विकायला बसलेला माणूस असं बोलत नाही.

आम्ही फॉस्फर ब्राँझ घेतला, .011चा. तुम्ही फक्त सहावी तार लावून दाखवलीत आणि उरलेल्या पाच माझ्याकडून लावून घेतल्यात. सगळं इथं लिहीत नाही, ज्याला हवं त्याला ते कुठंही शिकता येईल. पण ब्रिजच्या भोकांत तारेबरोबर दाबतात त्या पिनांबद्दलचं तुमचं एक वाक्य माझ्या बोटांत बसलंय: “पिन तार धरत नाही, ती मण्याला फक्त जागेवर ठेवते.” तारेच्या टोकाचा तो बारकासा मणी आत ब्रिजखालच्या पट्टीला टेकला पाहिजे. तो पिनच्या टोकावरच अडकून राहिला, तर ताण आला की पिन वर येणार. म्हणून पिन दाबताना दुसऱ्या हातानं तार वर ओढून बघायची. माझी चौथी पिन दोनदा वर आली. तुम्ही हात पुढे केला नाहीत, दिवा तेवढा जवळ आणलात. मागं थांबलेल्या माणसाला म्हणालात, “पाचच मिनिटं, काकूंचं होत आलंय.” मला पंचवीस मिनिटं लागली. तो माणूसही काही बोलला नाही. त्यालाही माझे आभार पोचवा, जमलं तर.

आणि निघताना तुम्ही माझी बोटं बघायला मागितलीत. काळे पडलेले शेंडे, तारांचे वळ. तुम्ही म्हणालात, “यांनी खूप काम केलंय. त्या तारा मलाही जड गेल्या असत्या.” पाठीवर थाप नव्हती ती. जे दिसलं तेच सांगितलंत.

मला अशी माणसं आठवतात, आयुष्यात मोजकीच भेटली. दवाखान्यात कागद मागायच्या आधी खुर्ची पुढे करणारी एक बाई. माझ्या पहिल्या नोकरीत माझी चूक सापडल्यावर आधी दार लोटून घेणारे, मग बोलणारे एक साहेब. त्यांना ज्ञान इतरांपेक्षा जास्त होतं म्हणून ती लक्षात राहिली असं नाही. त्यांचा क्रम बरोबर होता. आधी माणूस, मग मुद्दा. जाणकार पुष्कळ मिळतात, पण हा क्रम ज्यांना कळतो ती माणसं मी बोटांवर मोजते.

काल जुन्या तारा काढताना मी तुमच्यासारखंच केलं. थोडी थोडी, या टोकाची, त्या टोकाची. मधे उठले नाही, फोन बघितला नाही. नव्या तारा खुंटीला दोन-तीन वेढे, खालच्या दिशेनं, एकावर एक चढू न देता. जादाची टोकं सूर लावून झाल्यावरच कापली. चौथी पिन पुन्हा वर आली, पण या वेळी का आली ते मला ठाऊक होतं. नव्या तारा सारख्या उतरत होत्या, मी परत परत चढवत होते. पहिली आणि सहावी एकदम छेडली, दोन सप्तकं लांब असलेले दोन ई सूर, आणि ते एकमेकांत मिसळले.

तुम्ही विचारलं होतंत, सगळ्यात आधी काय वाजवून बघणार? मी म्हटलं होतं, एफ येईल तेव्हा सांगेन.

आला. पाच तारा स्वच्छ वाजतात, दुसरी अजून जराशी दबते. पुढच्या आठवड्यात गिटार घेऊन येते, काही बिघडलेलं नाहीये, नुसतं ऐकवायला.

तुमची,
हिरव्या कव्हरवाल्या काकू