फीचा हप्ता भरून झाला आहे

बडोदे

ती. आई-बाबांस सा. न.

काल फोनवर सांगणारच होते, पण आईच्या मोतीबिंदूचा विषय निघाला आणि राहून गेलं. सप्टेंबरमध्ये मी लंडनला जातेय. गोल्डस्मिथ्स कॉलेजमध्ये आर्ट सायकोथेरपीचं, म्हणजे चित्रांतून मानसोपचाराचं एम.ए., दोन वर्षं. फीचा पहिला हप्ता भरला. आधी कळलं असतं तर बाबा, तुम्ही एफडी मोडली असती. ती तशीच राहू द्या. कर्जावर दादाने सही केलीय, त्याला रागावू नका.

बाबा, हा चित्रकलेचा क्लास नव्हे. क्षयातून उठताना चित्रं काढून बरं वाटलं म्हणून एड्रियन हिल या चित्रकाराने 1942 मध्ये सॅनेटोरियममधल्या या कामाला आर्ट थेरपी म्हटलं. आज ब्रिटनमध्ये एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक संस्थेकडे नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवताच येत नाही. नोंदणी झाली की रुग्णालयं, शाळा, तुरुंग, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे वृद्धाश्रम, सगळीकडे काम असतं. आपल्याकडे ही वाट अजून मळलेली नाही, सुरुवातीला पगार कमीच असेल. तरी मी परत येणार आहे. विशेष मुलांच्या शाळा इथेही आहेत, इंदूरलाही आहेत.

इथल्या शाळेत एक मुलगा आठवडेच्या आठवडे नुसते कागद फाडायचा. मॅडम म्हणाल्या, फाडू दे, तुकडे मात्र जपून ठेव. एक दिवस त्याने माझ्याकडे डिंक मागितला. ते चिकटवलेलं चांगलं झालं का, हे आम्ही कुणी बोललो नाही. तो मागायला लागला, एवढंच मला हवं होतं. आजोबांची वाचा गेल्यावर ते माझ्या पाटीवर काय काय काढायचे, आणि आई, तुला ते सगळं बरोबर कळायचं. मी तेच नीट शिकायला जातेय गं.

अभ्यासात मलाही थेरपी घ्यावी लागेल. ती सगळ्या विद्यार्थ्यांना असते, मला काही झालेलं नाही. खोलीला हीटर आहे, स्वयंपाकघर आहे, वरणभात मी रोज करीन. आई, पोह्यांवरच्या जिरावन मसाल्याची पुडी तेवढी दे. ताप आला की तुझाच हात कपाळावर लागतो मला अजून, ते तिथे कसं होणार ठाऊक नाही.

बाबा, आपल्या इंदूरचे चित्रकार बेंद्रे बडोद्याला शिकवायला गेले, ते तुम्हीच मला अभिमानाने सांगायचात. मग आता गप्प बसू नका, फोन करा.

आणि ऐका. डोळ्याचं ऑपरेशन मी निघायच्या आत झालंच पाहिजे, तारीख घेऊन मला कळवा, मी घरी रामबागेत येऊन राहते. ड्रॉप मी घालीन. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, रात्री सराफ्यातून खाऊन आल्यावर नाही. टाकी बघायला बाबांनी जिना चढायचा नाही, वरच्या भाडेकरूंना सांगून ठेवलंय.

तुमची,
मनू