काळ्या हिरड्या दाखवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्टेंबर 2023 मधली ती सकाळ. पॉइंट नो पॉइंटच्या दीपगृहाजवळ माणसं ओळीने गळ टाकून उभी होती. माझ्या गळाला मासा लागला आणि दमवत दमवत मी तो कडेला आणला. चंदेरी, दोन-अडीच किलोचा. माझ्या हिशेबाने कोहो जातीचा सॅल्मनच. वाळूवर ओढणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब गो, भायर काढू नको! आधी तेचा तोंड बघ."

सिअ‍ॅटलजवळच्या किनाऱ्यावर मालवणी ऐकून मी होते तिथेच थबकले.

तुम्ही गुडघाभर पाण्यात उतरलात. आधी स्वतःचे हात ओले केलेत, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. मग पाण्यातच त्याच्या पोटाखाली हात धरून खालचा जबडा जरासा उघडलात. दातांच्या मुळाशी हिरडी काळी कुळकुळीत! कोहोचं तोंडही काळसर असतं, पण दात जिथून उगवतात ती रेघ पांढरट. नंतर शेपटी दाखवलीत. ठिपके वर आणि खाली, दोन्हीकडे होते. कोहोला ते फक्त वरच्या भागावर असतात. म्हणजे हा चिनूक, सॅल्मनचीच दुसरी जात, अजून पूर्ण न वाढलेला. इथली माणसं त्याला ब्लॅकमाउथ का म्हणतात, ते मला तेव्हा कळलं. उलटा काटा नसलेला गळ तुमच्या पकडीने चटकन निघाला. मासा क्षणभर तुमच्या तळव्यावर स्थिर राहिला आणि शेपटीचा फटका मारून गेला.

काका, त्या दिवशी तिथे चिनूक ठेवायला बंदी होती. दंडाचं सोडा, पण प्युजेट साउंडचा, म्हणजे इथल्या समुद्राच्या खाडीतला चिनूक 1999 पासून धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे आणि इथल्या ओर्का देवमाशांचं मुख्य खाणं तोच. तो माझ्या हातून मेला असता तर मला फार लागलं असतं.

तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत, याचे आभार जास्त. पाठीवर, शेपटीच्या अलीकडे असलेला तो मऊ, छोटासा पर तुम्हीच दाखवलात. हॅचरीतली, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रातली पिल्लं सोडण्याआधी तो कापतात, म्हणून तो शाबूत दिसला की मासा बहुधा जंगली समजायचा. ते पिंकचं, म्हणजे सॅल्मनच्या आणखी एका जातीचं वर्ष होतं, इथे पिंक विषम वर्षांतच लोटतात. त्यांच्या शेपटीभर मोठे लांबट ठिपके आणि खवले इतके बारीक की बोटाला जाणवतही नाहीत. पुढच्या जुलैत तुम्ही मला सिअ‍ॅटलमधल्या बॅलार्डच्या लॉक्सवर, म्हणजे बोटींसाठीच्या पाण्याच्या दारांवर नेलंत आणि काचेपलीकडून जाणारे सॉकआय दाखवलेत, पाठीवर ठळक ठिपका नाही, डोळा मोठा. चम मात्र नोव्हेंबरात ओढ्याकाठीच नीट ओळखता आला, अंगावर जांभळट उभे पट्टे आणि नराचे सुळे बाहेर आलेले.

मुंबईत रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात, म्हणून मी लहानपणापासून या माशांना रावसाचे भाऊबंद समजत होते. ते नातं अजिबात नाही, हेही तुमच्याकडूनच समजलं.

माझ्या लेकीला तुमची बोटांची युक्ती तोंडपाठ आहे. अंगठा म्हणजे थम, त्याला यमक चम. तर्जनी डोळ्याकडे, सॉकआय. मधलं सगळ्यात मोठं, किंग, म्हणजे आपला चिनूक. अंगठीच्या बोटात चांदी, सिल्व्हर, म्हणजे कोहो. करंगळी म्हणजे पिंकी, तो पिंक. ती आता माझ्याआधी माशाचं तोंड बघायला वाकते.

शनिवारी आम्हाला पर कापलेला कोहो मिळाला. हिरडी पांढरी, ठिपके वरच, दोघींनी दोनदा बघितलं. त्याचं तिखलं केलंय, गावाहून आलेली तिरफळं घालून. रविवारी डबा घेऊन येते. काकूंना भात लावून ठेवायला सांगा.

तुमची,
पॉइंट नो पॉइंटवरची पोर