पायानं गिटार वाजवतोय मी आता

सांगली, रविवार रात्र

प्रिय दोस्ता,

तुझा व्हॉईस मेसेज ऐकला, अडीच मिनिटांचा, त्यातली दोन मिनिटं तर सातारा स्टँडवरचा कंडक्टरच ओरडतोय, आणि शेवटी तू विचारतोस की फ्लोअर पेडलबोर्ड, म्हणजे गिटारच्या प्रोसेसरचे (आवाज बदलणाऱ्या डब्याचे) आवाज पायानं बदलायचा स्विचांचा बोर्ड, घेऊ का नको. फोनवर सांगितलं असतं पण तू मधे मधे बोलतोस लेका, म्हणून पत्र.

घे. पण माझ्यासारखा वापरू नको, निदान पहिले चार महिने मी जसा वापरला तसा तर नकोच.

मी सेकंडहँड घेतला, दहा स्विच, दोन एक्स्प्रेशन पेडल (पाय वरखाली करून आवाज हळूहळू कमीजास्त करायचे), दहा बँका, म्हणजे त्याच दहा स्विचांचे दहा संच, म्हणजे आवाज साठवायच्या शंभर जागा. घरी आणून जमिनीवर ठेवला तर आमचे शेजारचे आजोबा डोकावले, जुने संगीत नाटकवाले, म्हणाले "पायपेटी आणलीस का रे?" (पायानं भाता हलवून वाजवायची ती पेटी.) आता सांगलीत नाटकाचा विषय निघाला की माणूस थांबत नाही, विष्णुदास भावेंपासून, १८४३ पासून सुरू होतं, तसं झालंच, पण जाताना म्हणाले पायपेटीवाल्याचं लक्ष कधी पायाकडं नसायचं, गाणाऱ्याच्या तोंडाकडं असायचं. तेव्हा मी हसलो. माझं लक्ष चार महिने फक्त पायाकडंच होतं.

तर पहिलं, वायर. बोर्ड प्रोसेसरला मिडीनं लागतो, मिडी म्हणजे वाद्यांच्या मशीननी एकमेकांना निरोप द्यायची भाषा, त्याचा पाच पिनांचा गोल प्लग. घरात जुन्या टेपरेकॉर्डरची तसलीच वायर होती, म्हटलं पैसे कशाला घालवा. लावली, काहीच नाही. बोर्डवर आकडे बदलतायत, प्रोसेसर ढिम्म. दोन रात्री मॅन्युअल वाचलं, चॅनेल बदलले (सोळा असतात, दोन्हीकडं एकच पाहिजे), शेवटी गल्लीतल्या रेडिओ रिपेअरवाल्याकडं गेलो. त्यानं मल्टिमीटर लावला, एकेका पिनेवर टोचत गेला, काही ठिकाणी बीप वाजला आणि चार नंबरला शांत. मिडीचं सगळं बोलणं चार आणि पाच नंबरच्या पिनेवरनंच चालतं, दोन नंबरला शिल्ड, आणि माझ्या वायरीत चार नंबर आतनं जोडलेलाच नाही! बाहेरनं बघितलं तर पाचच्या पाच पिना उभ्या. म्हणून सांगतो, मिडीची म्हणूनच वायर घे, आणि पंधरा मीटरच्या वर जाऊ नको, त्या स्टँडर्डची मर्यादाच तेवढी आहे. आणि हो, तुझ्या प्रोसेसरच्या मागं ते गोल भोक आहे का आधी बघ. नुसतं यूएसबी असेल तर ही वायर सरळ लागायची नाही, मधे आणखी एक डबा घ्यावा लागेल, मग बजेट बोंबललं.

दुसरं म्हणजे मिरजेची ऑर्डर. हे तुला कुणी सांगितलं नसेल कारण सांगण्यासारखं नाही. संगीताचा कार्यक्रम, लग्नाच्या आदल्या दिवशी, नवरीची मावशी एकदम हळू गाणं म्हणायला उभी राहिली. मी चार नंबर दाबला, चारवर माझा क्लीन आवाज. आला कुठला तर पाचव्या पॅचचा (पॅच म्हणजे प्रोसेसरमधे साठवलेला तयार आवाज), फुल्ल डिस्टॉर्शन लीड, एकदम फाटका करकरीत. मावशी दचकली, ढोलकीवाला हसायला लागला, मी घाबरून परत चार दाबला तर परत तेच, येणारच की. भानगड अशी की मिडीत पॅचचे नंबर ० ते १२७ असे जातात, एकूण १२८, पण काही कंपन्या पडद्यावर शून्यापासनं दाखवतात आणि काही एकपासनं. माझा बोर्ड शून्यापासनं मोजणारा, प्रोसेसर एकपासनं, म्हणजे मी चार पाठवला की तो पाच समजणार. घरी हे माहीत होतं रे! डोक्यात "एक वजा" धरून वाजवायचो. स्टेजवर कसलं एक वजा. ज्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्या मिरजेत मी असला आवाज काढला. दुसऱ्या दिवशी सगळे नंबर बोर्डमधेच एक एक कमी करून भरले, दोन तास गेले, पण संपला विषय. तू पहिल्याच दिवशी कर.

आता खरं सांगायचं ते. मी काय करायचो, गाण्यातल्या प्रत्येक आवाजाला वेगळा पॅच. अंतऱ्याला एक, सोलोला एक, सोलो संपला की तिसरा. शंभर जागा आहेत ना, भरा. आणि दर वेळी पॅच बदलताना आवाजाला बारीकशी उचकी लागायची, डिलेची, म्हणजे मागं घुमणाऱ्या प्रतिध्वनीची, शेपटी कचकन तुटायची, सोलोचा शेवटचा सूर हवेत विरायच्या आत कुणीतरी दार आपटल्यासारखा. मला वाटायचं मिडीच हळू, जुनी गोष्ट आहे ना, १९८३ ची. मग एकदा हिशोब केला. त्या वायरीतनं सेकंदाला ३१,२५० बिट जातात, एका बाइटला दहा बिट लागतात, पॅच बदलायचा निरोप फक्त दोन बाइटचा. म्हणजे एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही! निरोप केव्हाच पोचलेला असतो. वेळ खातो तो प्रोसेसर, जुना सगळा मांड मोडून नवा मांडतो तेवढ्यात उचकी. काही मशीनमधे शेपटी चालू ठेवायची सोय असते, माझ्यात नाही.

मग सगळं पुसलं. आता एका गाण्याला एकच पॅच, आणि त्यात ड्राइव्ह, डिले, कोरस, बूस्ट असले सगळे इफेक्ट भरलेले पण बंद. स्विच दाबला की पॅच बदलत नाही, नुसता कंट्रोल चेंज, म्हणजे पॅचमधली एकच गोष्ट बदलायचा निरोप, जातो, १२७ गेला की डिले चालू, ० गेला की बंद. मांड मोडत नाही म्हणून उचकी नाही. दहातले पाचच स्विच वापरतो, बाकीच्या पाचांवर धूळ बसू दे.

एक्स्प्रेशन पेडलचं पण तसंच. डावं व्हॉल्यूमला, पण प्रोसेसरमधे व्हॉल्यूमचा ब्लॉक डिलेच्या आधी ठेवलाय, म्हणजे पाय उचलला तरी आधी वाजलेले सूर मागं घुमत राहतात, हे एकदा करून बघच, कसला भारी वाटतो तो आवाज. आणि खालची मर्यादा शून्य ठेवू नको, मी ४० ठेवलीय. उत्साहात टाच दाबली गेली की गिटारच गायब व्हायची आणि मी वायर हलवून बघत बसायचो. वाह (तो "वाव-वाव" करणारा इफेक्ट) उजव्या पेडलवर आहे, ते फार वापरत नाही, खरं सांगू तर मला वाहचा कंटाळा आलाय.

कोल्हापुरी घालून वाजवू नको एवढंच, दोन स्विच एकदम दाबले जातात. मी अनवाणी वाजवतो. आजोबांना वाटलं वाद्याचा मान राखतोय, खूश झाले, मी पण काही बोललो नाही.

परवा परत त्यांच्यासमोर वाजवलं, नवीन मांडणीवर. वाजवून झाल्यावर म्हणाले, आज तू वर बघत होतास.

पुढच्या रविवारी ये, तुझा प्रोसेसर आण, वायर माझ्याकडं आहे, लावून बघू मग ठरव घ्यायचा का. येताना कंदी पेढे आण, भडंग मी आणून ठेवतो. आणि तो टेपरेकॉर्डरच्या वायरीचा किस्सा ढोलकीवाल्याला सांगू नको, मिरजेचंच अजून चालू आहे त्याचं.

तुझाच,
अनवाणी गिटारवाला