‘करणे’ची फोड करून सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या विद्यार्थी पानावरचं इंग्रजीचं सदर मी संध्याकाळी गावातल्या मुलांना वाचून दाखवते. परवा त्यात आलं : ‘डू म्हणजे करणे, मेक म्हणजे बनवणे.’ या एका ओळीनं मुलांचं नुकसान होतं, म्हणून हे पत्र.

आमच्या दारव्हा तालुक्यात चहा कोणी बनवत नाही. मांडतात, नाहीतर करतात. डवरणी करतात, फोन करतात, गलका करतात, चूक करतात. मग आमचे पोट्टे सगळीकडे ‘डू’ लावतात. ‘आय डिड अ मिस्टेक’ लिहिणारा मुलगा तुमच्या नियमानं बरोबरच आहे, कारण चूक कोणी बनवत नसतं. गुण मात्र त्याचा जातो.

माझी भाची पुण्याला स्पॅनिश शिकते. त्या भाषेत ‘आसेर’ हे एकच क्रियापद ‘डू’ आणि ‘मेक’ या दोघांच्या जागी चालतं, अगदी आपल्या ‘करणे’सारखं. गृहपाठ, केक, आवाज, सगळ्याला ‘आसेर’. प्रश्नसुद्धा ते ‘करतात’, म्हणून इंग्रजीत ‘आस्क’ सोडून ‘मेक अ क्वेश्चन’ म्हणून जातात. निर्णय मात्र आपल्यासारखाच ‘घेतात’. पण त्यांना इंग्रजी शिकवणारे ‘आसेर’ समोर ठेवून त्याच्या दोन वाटा दाखवतात. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आहे. ‘करणे’ची अशी फोड माझ्या पाहण्यात आलेली नाही.

मी मुलांना सांगते, नुसतं काम उरकायचं असेल तर ‘डू’ : गृहपाठ, व्यायाम, भांडी. करण्यातून काही नवं निपजत असेल तर ‘मेक’ : चहा, पतंग, आवाज. चूकही यातच, ती वहीत लाल रेघेखाली दिसते. फोन या नियमात नीट बसत नाही, तिथं ‘मेक अ कॉल’ अशी जोडीच पाठ करावी लागते. आंघोळीला तर दोन्ही चालत नाहीत, तिथं ‘टेक’ किंवा ‘हॅव’.

माझी कळकळीची विनंती आहे, सदर मराठी क्रियापदांवरून चालवा. ‘करणे’ झालं की ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, पैसे लागतात, नोकरी लागते, दार लागतं. इंग्रजीत या प्रत्येकाची मांडणी निराळी आहे, आणि दहावीला बसणाऱ्या मुलांनाही ती कोणी एकत्र दाखवलेली नसते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ