आत्याचा अंगठा

एडिनबरा
रविवार, रात्री

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते. पण फोनवर आई रडते, मग मीही रडते आणि सांगायचं राहूनच जातं. पुण्याच्या नोकरीला मी नाही म्हणून कळवलं. इथल्या संशोधनाची आणखी तीन वर्षं घेतली, शुक्रवारी सही केली. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, हे कळतं मला. पण विचारलं असतं तर बाबा, तुम्ही "तुझं तू बघ" म्हणाला असतात आणि रात्रभर कूस बदलत राहिला असतात.

गेल्या महिन्यात आई न्हाणीघरात घसरली, ते मला आठ दिवसांनी कळलं. तेव्हापासून सही करू की नको, हेच डोक्यात होतं. तरी केली. का, ते नीट सांगते.

एका पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर डीएनए असतो आणि ते केंद्रक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढंही जेमतेम. पण धागा कसाही कोंबलेला नसतो. आई, तुझं लोखंडी कपाट आठव. रोजच्या सुती साड्या हाताशी, मलमलीत गुंडाळलेली पैठणी मागे, भिंतीला. तसंच. ४६ गुणसूत्रं आपापली जागा धरून असतात आणि त्या पेशीत ज्या जनुकांचं काम नाही ती बहुतेक कडेला सारलेली. १९ व्या गुणसूत्रात जनुकांची गर्दी, ते मध्याकडे. १८ व्यात जनुकं कमी, ते कडेला. हे १९९९ मध्ये इथे एडिनबऱ्यातच दाखवलं गेलं.

बाबा, आता तुम्हाला न आवडणारा विषय. आत्याचा जोड अंगठा. त्यापायी तिची दोन स्थळं मोडली, ते सोडा. पण आजीला जन्मभर ऐकावं लागलं की ग्रहणात विळी घेतली म्हणून मुलगी अशी झाली. शेवटच्या आजारपणातसुद्धा ती आत्याचा हात धरून बसायची, आठवतं ना?

बोटं किती आणि कुठे यायची, ते ठरवण्यात सातव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाचा मोठा वाटा आहे. ते चालू करणारं बटण, म्हणजे डीएनएचाच एक तुकडा, मात्र त्याच्याजवळ नाही. ते डीएनएची सुमारे दहा लाख अक्षरं लांब, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात आहे. उंदराच्या गर्भाचा पाय मोहरीएवढा असतो, त्याचा पातळ काप मी सूक्ष्मदर्शकाखाली बघते. प्रत्येक केंद्रक निळं, आणि आत दोन रंगांचे ठिपके: लाल म्हणजे जनुक, हिरवा म्हणजे बटण. बऱ्याच पेशींत ते सुटे असतात. करंगळीच्या बाजूला, जिथे हे जनुक चालू असतं, तिथे धागा असा दुमडतो की पुष्कळदा दोन्ही एकमेकांवर येतात आणि पिवळा ठिपका दिसतो.

त्या बटणातलं एखादं ठरावीक अक्षर बदललं की ते जनुक अंगठ्याच्या बाजूलाही चालू होतं आणि तिथे जास्तीचं बोट फुटतं. २००३ मध्ये हेही इथल्याच लोकांनी शोधलं. आत्याची तपासणी कधी झाली नाही, म्हणून तिचं नेमकं हेच होतं असं मी म्हणणार नाही. पण ग्रहण नव्हतं, बाबा. विळी नव्हती. आजीचं काहीही चुकलं नव्हतं.

जनुक चालू व्हायला बटणाचं नुसतं जवळ येणं पुरतं, की आणखी काही लागतं, यावर अजून एकमत नाही. माझी तीन वर्षं त्यातच जातील. हे अर्ध्यावर टाकून मला येववलं नाही.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात तूरडाळ मिळते, गोडा मसाला तेवढा तळाला गेलाय. परवा ताप होता (आता नाही), तर तुझ्या साड्यांची गोधडी डोक्यावरून घेऊन झोपले. आई, तिला अजून तुझ्या कपाटाचा वास येतो. अगदी चौथीतल्यासारखं वाटलं, तू उशाशी बसून पाण्याच्या घड्या बदलत होतीस तसं.

आता ऐका. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवायला गुरुवारी माणूस येईल, त्याला परत पाठवायचं नाही. मी पैसे दिलेत. आई, माळ्यावर चढायचं नाही, डबे मालूबाई काढून देतील. बाबा, साखरेची गोळी जेवणाआधीची आहे, आठवेल तेव्हाची नाही. आणि कुणी पडलं, झडलं तर त्याच दिवशी मला फोन. इथे रात्र असली तरी.

मे महिन्यात तीन आठवडे येते. तिकीट काढलंय.

हे पत्र आत्याला वाचून दाखवा. तिला आता अक्षर लागत नाही. बाबा, तुम्हीच वाचा, आईवर सोपवू नका. आजीचं आलंय ते दोनदा वाचा.

तुमची,
चिमी