मधल्या पायरीवर थांबता येतं का?

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, केमिस्ट्री घेऊ का नको, एका शब्दात सांग." एका शब्दात सांगायचं तर मी 'घे' म्हणाले असते. पण माझ्या त्या 'घे'ला फारसा अर्थ नाही, कारण मला हा विषय आवडतो आणि अठरा वर्षं मी त्याच्यावरच पोट भरलंय. त्यामुळे होकार-नकार बाजूला ठेवते आणि हिशेब मांडते. काय करायचं ते तू ठरव.

सगळे आधी फी बघतात. फीचा आकडा निदान कागदावर असतो, तो काही लपत नाही. लपतात त्या दुपारी. इतर विषयांची मुलं तास संपवून घरी किंवा एखाद्या अर्धवेळ कामावर जातात, तेव्हा तुमचं प्रॅक्टिकल सुरू होतं. तीन-चार तास उभं राहायचं, मग काचसामान धुवायचं, मग जर्नल लिहायचं. शिकता शिकता थोडं कमवीन, असं तुझ्या मनात आहे ना? या विषयात ते सगळ्यात कठीण. ही कमाईही खर्चातच धर.

आणि तरीही या दुपारींसाठीच फी भरायची असते. बाकीचं बरंचसं पुस्तकात आहे. ब्युरेटवर, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडायच्या तोटीच्या काचनळीवर, ०.१ मिलीच्या खुणा असतात, त्यांच्या मधलं वाचायला डोळा तयार व्हावा लागतो. आम्ल संपल्याचं रंगाने सांगणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचा फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की तोटी बंद. एक थेंब जास्त गेला की गडद गुलाबी, आणि सगळं पहिल्यापासून. हे व्हिडिओ बघून येत नाही. म्हणून कॉलेज निवडताना त्याच्या नावापेक्षा एक गोष्ट विचार: एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, विद्यार्थी स्वतः सॅम्पल लावतात, की काचेआडून दाखवतात? काचेआडून दाखवणार असतील, तर कमी फीच्या कॉलेजात जाऊन तेच बघितलेलं बरं.

आता नोकरी. नुसत्या पदवीवर बहुतेकांना पहिली नोकरी मिळते ती क्यूसीत, म्हणजे माल तपासायच्या लॅबमध्ये. मलाही तीच मिळाली. तिथे शोध वगैरे काही लागत नाहीत. तीच पद्धत, तोच कॉलम (एचपीएलसीतली घटक वेगळे करणारी नळी), सॅम्पल तेवढं रोज नवं. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर दिसला तर खैर नाही.

पहिल्याच वर्षी मी एचपीएलसीवर रात्रभराचा रन लावून घरी गेले. चोवीस इंजेक्शनं, म्हणजे यंत्र चोवीसदा सॅम्पल आत घेणार. सकाळी येऊन बघते तर मोबाइल फेजची, म्हणजे यंत्रातून वाहणाऱ्या द्रावकाची, बाटली कोरडी, पंपात हवा आणि नवव्या इंजेक्शनानंतर ग्राफवर नुसती गवताची पाती. बाटली भरताना एकूण प्रवाहाचा गुणाकार मी केलाच नव्हता. पाचवीतलं गणित. तो दिवस चूक कशी झाली ते लिहिण्यात गेला, आणि रात्री तोच रन परत. अशा दिवसानंतर दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जायची इच्छा होते का, हे स्वतःला विचारून बघ. माझी व्हायची. माझ्याबरोबर लागलेल्या दोघींची नाही झाली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

"पण मला रिसर्च करायचाय," असं तू म्हणशील. ठीक. मग हे गणित बघ. दहा पायऱ्यांचं सिंथेसिस आहे, म्हणजे एकामागून एक दहा रिएक्शन करून पदार्थ बनवायचाय, आणि प्रत्येक पायरीला नव्वद टक्के यील्ड, म्हणजे अपेक्षेच्या नव्वद टक्के माल, मिळतंय. ऐकायला झकास. पण शेवटी हातात किती येतं? पस्तीस टक्के, कारण पायऱ्यांचा गुणाकार होतो. तुझा बेत पाच पायऱ्यांचा आहे: पदवी, मास्टर्स, पीएचडी, पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी), मग कायमची जागा. प्रत्येक पायरी पार पडायची शक्यता ऐंशी टक्के धरली, तरी शेवटपर्यंत पोचतात शंभरात तेहेतीस. आणि शेवटच्या पायरीला ऐंशी धरणं म्हणजे निव्वळ आईची माया.

म्हणून सिंथेसिस करणारी माणसं नुसतं शेवटचं यील्ड बघत नाहीत. मधला पदार्थ, म्हणजे इंटरमीजिएट, टिकतो का हेही बघतात. बाटलीत भरून, लेबल लावून फळीवर ठेवता आला, तर पुढचं जमो न जमो, हातात काहीतरी राहतं. काही इंटरमीजिएट मात्र असे की लगेच पुढची रिएक्शन केली नाही तर सगळं वाया. तुझ्या बेतात पदवी टिकाऊ आहे, पण तिला भाव कमी. मास्टर्स टिकाऊ आहे आणि पुष्कळ ठिकाणी तिथून पगाराची दुसरी पट्टी सुरू होते. पीएचडी पुरी झाली तर उत्तम, पण तीन वर्षं करून सोडलेली पीएचडी फळीवर ठेवता येत नाही. बऱ्याच ठिकाणी पीएचडीला विद्यावेतन मिळतं, त्यामुळे ती फुकट वाटते. तसं नसतं. त्या चार-सहा वर्षांत नोकरीचा पूर्ण पगार बुडतो. गाइड कसा आहे हे बघितल्याशिवाय त्या पायरीवर पाय ठेवू नकोस. गाइडचं नाव केवढं आहे ते विचारू नकोस, त्याचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले ते विचार.

आत्या केमिकल इंजिनिअरिंगचं म्हणाली, तेही बरोबर आहे. चार वर्षांच्या पदवीवरच थांबायचं असेल, तर पगार बहुतेक ठिकाणी त्यांचाच जास्त. पण केमिकल इंजिनिअरिंग ही केमिस्ट्रीची श्रीमंत बहीण आहे असं समजू नकोस, तो वेगळाच धंदा आहे. भांडं दहापट उंच-रुंद केलं की आतला माल हजारपट होतो आणि बाहेरचा पृष्ठभाग फक्त शंभरपट. चंबूत हाताला जेमतेम कोमट लागणारी रिएक्शन रिॲक्टरमध्ये पेट घेऊ शकते, कारण उष्णतेला बाहेर पडायला वाट पुरत नाही. फ्रिट्झ हाबर या जर्मन केमिस्टने १९०९ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून टेबलावर अमोनिया काढून दाखवला, तासाला शे-सव्वाशे मिली. त्याचा कारखाना जर्मनीत ओपाऊला १९१३ मध्ये उभा राहिला तो कार्ल बॉशच्या डोक्यातून. दोघांनाही नोबेल मिळालं, हाबरला १९१८ चं, बॉशला १९३१ चं. गंमत म्हणजे बॉशची डॉक्टरेट केमिस्ट्रीतलीच. तुला 'हे का होतं' यात रस आहे की 'हे टनांनी कसं करायचं' यात, ते तुझं तू ओळख. लहानपणी तू खेळणी उघडून बघायचीस, पण परत जोडायची नाहीस. मला तरी उत्तर माहीत आहे.

कोइची तानाकांची गोष्ट तुला कोणीतरी सांगेलच. पदवी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची, पीएचडी नाही, जपानच्या शिमाद्झू कंपनीत नोकरी. कोबाल्टच्या पावडरीत चुकून ग्लिसरीन पडलं. फेकून देणं जिवावर आलं म्हणून तेच वापरून बघितलं, आणि त्यातून प्रथिनांचं वजन मोजायची वाट सापडली. २००२ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल. गोष्ट खरी आहे आणि मला फार आवडते. पण तिच्या जिवावर कोणी कर्ज काढू नये.

कर्जाचं एवढंच: हप्ता क्यूसीतल्या पहिल्या पगारातून फिटला पाहिजे. मनातल्या पगारातून नाही. तो फिटत नसेल तर स्वस्त कॉलेज घे आणि वाचलेले पैसे मास्टर्सला ठेव.

लॅबबाहेरच्याही वाटा आहेत. बऱ्याच देशांत पेटंट एजंट, म्हणजे शोधांच्या हक्कांचे अर्ज करून देणारा, व्हायला विज्ञानाची किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते. औषधांचे परवाने, प्रदूषण मोजणी, जुन्या चित्रांचं जतन, न्यायवैद्यक लॅब, सगळीकडे आपली माणसं आहेत. जर्मनीच्या माजी चान्सलर अँगेला मर्केल यांची १९८६ ची डॉक्टरेट क्वांटम केमिस्ट्रीतली, पण तो करिअर सल्ला म्हणून घेऊ नकोस. आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा व संख्याशास्त्र पहिल्या वर्षापासूनच शीक. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटेकरी असलेले जॉन जम्पर सैद्धांतिक केमिस्ट्रीत पीएचडी केलेले, आणि ज्यासाठी ते मिळालं ते प्रथिनांची घडी ओळखणारं काम सगळं संगणकावरचं. माझ्या वेळी हे कोणी सांगितलं नाही. मी एक्सेल शिकले ती तिशीत, तीही चिडून.

तू निवडलेल्या दोन्ही कॉलेजांना उद्या फोन कर. प्रॅक्टिकल आठवड्याला किती तास, एका बॅचला किती मुलं, आणि तो एचपीएलसीचा प्रश्न. काय म्हणतात ते मला कळव, मग फीचं बोलू. माझा जुना ॲप्रन कपाटात सापडला. डाव्या बाहीवर सिल्व्हर नायट्रेटचा काळा डाग आहे, तो काही केल्या निघाला नाही. चालणार असेल तर ठेवते.

तुझी,
आई