गाठ गेली, वासही गेला

प्रिय सुहास,

"गाठ निघाली, नजर वाचली, मग वासाचं काय घेऊन बसलास?" असं तू फोनवर म्हणालास. खरंय. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीची गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबत होती, ती नाकावाटे दुर्बिणीने काढली, डोक्याला साधा टाकाही नाही. तक्रार कुठल्या तोंडाने करणार! पण तुला नाही सांगायचं तर कुणाला?

वासाच्या पेशी नाकाच्या अगदी छताशी असतात आणि सर्जनची वाट त्यांच्या शेजारूनच जाते. शिवाय कवटीच्या तळाचं भोक बुजवायला नाकाच्या पडद्याचं अस्तर रक्तवाहिनीसकट सोलून तिथे बसवलं, म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी गळू नये. पुढचे कितीतरी दिवस खपल्या काढण्यात आणि मिठाच्या पाण्याने नाक धुण्यात गेले. नाक चोंदलंय, सुटेल, असंच वाटायचं. सुटलंही. वास काही आला नाही.

जेवणाचं विचारलंस. खारट, गोड, आंबट कळतं. तिखटाचा जाळही होतो, कारण ते काम वेगळ्या नसेचं. बाकी आपण जिला चव म्हणतो ती बरीचशी घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचीच करामत. परवा डोळे मिटून सफरचंद आणि कच्चा बटाटा चावून पाहिला. दोन्ही नुसते कुरकुरीत, एक जरा गोड.

दूध करपलं तरी मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेला असतो. गॅसगळतीचा अलार्म बसवून घेतलाय. अंगाला घामाचा वास येतोय का, हे बायकोला इतक्यांदा विचारतो की ती वैतागलीय.

डॉक्टर म्हणतात, अशा ऑपरेशननंतर बहुतेकांचा वास काही महिन्यांत परततो. वासाच्या नसा ज्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात तेच काढावं लागलं असतं, तर गोष्ट वेगळी. माझं ते शाबूत आहे. म्हणून सकाळ-संध्याकाळ गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग अशी तेलं हुंगतो, आणि हुंगताना तो तो वास मुद्दाम आठवायचा. जर्मनीतले डॉक्टर थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये वासाच्या या सरावावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निलगिरी नाकात गार झोंबते, पण तो वास नव्हे. मी आधी उगाच हुरळलो होतो. लवंगेला मात्र हल्ली काहीतरी येतंय, जळक्या रबराचं, घाणेरडं. डॉक्टर खूश! नसा पुन्हा जुळताना असं होतं म्हणे. मला लवंगेची बाटली फेकून द्यावीशी वाटते.

तू येशील तेव्हा दारात पाऊल टाकल्या टाकल्या सांग, घरात कसला वास येतोय. भीड ठेवू नकोस. घरच्यांना सवय झालेली असते, त्यांच्या नाकावर माझा भरवसा नाही.

तुझा,
विनू